क्वालिटी सोडावी की क्वालिटीतच जागा बदलावी? (डिप्लोमा मेकॅनिकल, चाकण)

लाल_बिन

नमस्कार मंडळी.

डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर. इन-प्रोसेस आणि फायनल तपासणी दोन्ही बघतो, पाळी दर आठवड्याला बदलते. मोजमापाचं काम मनापासून आवडतं. सीएमएमवर (नगाची मापं घेणारं संगणकी यंत्र) बसायला मिळालं तर जेवणाची सुट्टी कधी झाली कळत नाही. पण दिवसाचा बराच भाग प्रॉडक्शनशी वाद, कस्टमरचे फोन आणि सॉर्टिंगला माणसं गोळा करण्यात जातो. महिनाअखेरीला तर विचारूच नका.

डोक्यात चार गोष्टी आहेत: मेंटेनन्सला बदली मागणं, एनपीडी (नवे पार्ट तयार करणारं खातं), पीएलसीचा (मशीन चालवणारा कंट्रोलर) क्लास लावून ऑटोमेशनमध्ये शिरणं, किंवा रेल्वेची भरती. घरचे म्हणतात आधी बी.टेक. कर. सध्या हातात साधारण २२,५०० येतात.

कुठल्या कंपनीत जावं हा माझा प्रश्न नाही. कुठलं काम आपल्याला मानवेल, हे नोकरी बदलायच्या आधी कसं ओळखायचं? बदलल्यावर कळलं तर दीड-दोन वर्षं फुकट जातात आणि सीव्हीवर डाग राहतो तो वेगळाच.

---

गो_नोगो

आधी एक वही करा. महिन्याचा शेवटचा आठवडा आणि पुढच्या महिन्याचा पहिला, असे सलग दोन आठवडे. नुसती महिनाअखेर धरली तर कुठलीही नोकरी नकोशी वाटेल, आणि नुसता पहिला आठवडा धरला तर सगळंच बरं दिसेल.

रकाने चारच. काय केलं, किती मिनिटं गेली, कुणाच्या सांगण्यावरून केलं, पुन्हा करायला आवडेल का (हो / चालेल / नको). लाइनवरच्या फेरीची नोंद दर दोन तासांनी करत असालच, तेव्हाच या चार ओळी लिहून टाका. सुट्टीच्या दिवशी बसून आठवून लिहिलं की वहीत फक्त भांडणं उरतात. शांतपणे झालेलं काम कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग 'नको'ची मिनिटं बेरजेला घ्या आणि त्यांचे तीन ढीग करा. कामच नको होतं, माणूस नको होता, की वेळ नको होती? पहिला ढीग मोठा असेल तर खातं बदला. दुसरा मोठा असेल तर खातं तेच ठेवून कंपनी बदला. तिसरा मोठा असेल तर तेच काम जनरल शिफ्टमध्ये कुठे मिळतं ते शोधा. बहुतेक लोक ढीग न करताच राजीनामा टाकतात आणि दुसऱ्या दाराने त्याच खोलीत येऊन बसतात.

तुमच्या पोस्टवरून अंदाज: मोजायला हो, माणसं हाकायला नको. तसं असेल तर क्वालिटी सोडायचं कारण दिसत नाही, कारण एकाच नावाखाली तिथे पाच-सहा वेगळी कामं चालतात.

लाइन क्वालिटी म्हणजे तुम्ही आत्ता करताय ते. पहिल्या नगाची मंजुरी, फेऱ्या, लाल बिन (बाद नगांचा डबा), आणि "एवढा लॉट जाऊ दे ना" ऐकून घेणं. तापट माणसाला हे झेपत नाही आणि भिडस्त माणसाला तर त्याहून नाही.

कस्टमर क्वालिटी म्हणजे तक्रार आली की २४ तासांत तात्पुरता बंदोबस्त, मग आठ टप्प्यांचा ८डी अहवाल, आणि कस्टमरच्या लाइनवर उभं राहून माल निवडणं. रेसिडेंट इंजिनिअर या नावाने जी पदं निघतात ती बहुतेक हीच. नाव भारदस्त, काम दिवसभर दुसऱ्याच्या प्लांटमध्ये बोलणी खाण्याचं. ज्याला माणसं सांभाळता येतात तो इथे झपाट्याने वर जातो. तुमच्या पोस्टमधल्या तक्रारी वाचता हे तुम्हाला अजिबात सुचवणार नाही.

सप्लायर क्वालिटीत फिरती भरपूर. आठवड्यातले तीन दिवस भोसरी, रांजणगाव, वाळूज अशी वर्कशॉपं. पुरवठादाराकडे फोर्जिंगचा डाय (साचा) झिजलाय की ऑपरेटर घाईत आहे हे बघता क्षणी ओळखता आलं पाहिजे.

सिस्टिम आणि ऑडिट हे कागदाचं खातं. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक), कंट्रोल प्लॅन, पीपॅपच्या (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाइल) अठरा बाबी. ज्याला फाइल अर्धवट राहिली की झोप येत नाही त्याने जावं.

आणि शेवटचं स्टँडर्ड रूम, म्हणजे सीएमएम, गेज (मापाची साधनं) कॅलिब्रेशन, एमएसए (मोजमाप किती भरवशाचं ते तपासणं). तुमचा जीव इथे रमतोय असं दिसतं. मात्र 'सीएमएम आवडतं' म्हणजे नेमकं काय आवडतं ते तपासा. प्रोब आपोआप फिरताना बघायला सगळ्यांनाच आवडतं. प्रत्यक्षात दिवस जातो तो नगाचा बर (कडेला राहिलेली धातूची कूस) काढण्यात, धुण्यात, फिक्स्चर (नग धरायची पकड) जमवण्यात, डेटम (मोजायचा आधार) नक्की कुठला यावर डिझाइनवाल्यांशी बोलण्यात आणि रिपोर्ट भरण्यात. शिवाय थांबण्यात. खोली २० अंशांवर, पण नग मशीनवरून गरम उतरलेला. ३०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा नग ५ अंशांनी गरम असला तर साधारण ३५ मायक्रॉन लांब भरतो. पोलादाचा त्याच्या निम्मा, १७ च्या आसपास. टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) ५० मायक्रॉनचा असेल तर चांगला नग बाद होतो किंवा बाद नग पास होतो. म्हणजे नग टेबलावर मुरू द्यायचा आणि दारात उभ्या असलेल्या प्रॉडक्शनवाल्याला "अजून तासभर" असं शांतपणे सांगायचं. ते सांगणं जमत असेल तर हे काम तुमचं.

एनपीडीबद्दल थोडक्यात. नव्या पार्टची सुरुवात बघायला मिळते हे खरं, पण निम्मं काम पाठपुराव्याचं असतं: टूल कधी येणार, ट्रायल कधी, सॅम्पल का अडलं. फोन तुम्हीच करायचे, आणि तारीख चुकली की जाबही तुम्हीच द्यायचा. तुमच्या वहीत फोन 'नको'च्या ढिगात असतील तर एनपीडीत त्यांची संख्या वाढेल.

---

ग्रीस_आणि_गिअर

मेंटेनन्स आणि पीएलसीबद्दल लिहितो, कारण या दोन्हींबद्दल बाहेरून बघणाऱ्यांच्या कल्पना फार रम्य असतात.

मेंटेनन्समध्ये भांडण नसतं असं वाटत असेल तर ते विसरा. ब्रेकडाउन झाला की तुम्ही पॅनेलमध्ये डोकं घातलेलं असतं आणि मागे प्रॉडक्शन मॅनेजर दर पाच मिनिटांनी "किती वेळ?" विचारतो. लाइन थांबलेलं प्रत्येक मिनिट एमटीटीआरच्या (दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो) तक्त्यात तुमच्या खात्याच्या नावावर चढतं. दुसरं म्हणजे सुट्टी. मशीन बंद असतं तेव्हाच प्रिव्हेंटिव्ह (बिघाडाआधीची देखभाल) करता येतं, त्यामुळे कारखान्याची साप्ताहिक सुट्टी हाच तुमचा भरगच्च दिवस. दिवाळीचं शटडाउन तर सांगायलाच नको. सगळे गावी, तुम्ही स्पिंडल उघडून बसलेले.

हे ज्याला आवडतं त्याला दुसरं काही आवडत नाही, हेही तितकंच खरं. अर्धवट माहितीवर अंदाज बांधायचा, एक शक्यता खोडायची, दुसरी तपासायची. हायड्रॉलिक प्रेशर पडतंय: पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, की सिलिंडरचं सील? उत्तर दहा मिनिटांत हवं. मोजमाप आवडणाऱ्या माणसाला अचूक उत्तर हवं असतं. मेंटेनन्सला आत्ता चालेल असं उत्तर आधी लागतं, अचूक नंतर. स्वभावाचा हा फरक छोटा नाही.

ओळखायची सोपी वाट म्हणजे येत्या शटडाउनला प्लांट हेडना सांगून मेंटेनन्सच्या टीमबरोबर नाव घालून घ्या. मनुष्यबळ कमीच असतं, नाही म्हणणार नाहीत. चार-पाच दिवसांत हात काळे होऊन तुम्हाला कळेल ते कुठल्याही अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमधून कळायचं नाही. कंपनीत स्किल मॅट्रिक्स असेलच. एचआरला सांगून तिथे 'मेंटेनन्स, स्तर १' अशी नोंदही करून घ्या, पुढे अंतर्गत बदलीला तो कागद उपयोगी पडतो.

आता पीएलसी. क्लासमध्ये लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) लिहायला शिकवतात आणि वाटतं दिवसभर लॉजिक रचायचं. शॉपफ्लोअरवर मात्र वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनचा प्रोग्रॅम आपोआप बिघडत नाही. बिघडतो प्रॉक्सिमिटी सेन्सर, तुटते केबल, ढिला होतो टर्मिनल, बसतो २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). म्हणजे हातात लॅपटॉपपेक्षा मल्टिमीटर जास्त वेळ. प्रोग्रॅम लिहायचे असतील तर ऑटोमेशनचे प्रोजेक्ट करणाऱ्या कंपनीत जावं लागतं आणि तिथे कमिशनिंगसाठी (मशीन बसवून चालू करून देणं) बाहेरगावी आठवडे काढावे लागतात. शिवाय त्या जागांवर इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना आधी विचारतात. मेकॅनिकलवाल्याला दार बंद नाही, पण रांगेत मागे उभं राहावं लागतं.

तरी क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी बघा: एका किटवर किती मुलं, वायरिंग स्वतःच्या हाताने करायला देतात का, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं युनिट) आणि एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) कोर्समध्ये आहेत का, आणि एक आख्खा दिवस फक्त फॉल्ट शोधायला ठेवलाय का. नुसतं सिम्युलेशन दाखवत असतील तर ते घरी बसूनही होतं. '१००% प्लेसमेंट' लिहिलेल्या पाटीखाली कुठल्या पदावर, किती पगारावर आणि कुणाच्या पेरोलवर हे विचारा. पाटी लगेच बारीक अक्षरात बोलायला लागते.

---

रुळावरचा

रेल्वेचं एवढंच: आरआरबी जेईला (रेल्वे भरती मंडळाची ज्युनिअर इंजिनिअरची भरती) मेकॅनिकल डिप्लोमा चालतो. पहिली परीक्षा ९० मिनिटांत १०० प्रश्न, दुसरी १२० मिनिटांत १५० प्रश्न, चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. दुसऱ्या परीक्षेत मोठा वाटा तुमच्या शाखेचा असतो, पहिलीत गणित आणि बुद्धिमत्ता. नोकरी करून अभ्यास करणारे बहुधा पहिलीतच गळतात, कारण गणिताचा वेग रोज सराव केल्याशिवाय येत नाही आणि थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाकडून रोजचा सराव होत नाही.

आणि सरकारी म्हणजे दहा ते पाच, असं समजून येऊ नका. कोचिंग डेपो किंवा लोको शेडला पोस्टिंग मिळालं तर तिथेही तीन पाळ्या आहेत, गाडी सुटायच्या वेळेचा धाक आहे आणि हाताखाली तुमच्या वयाहून जास्त नोकरी झालेली माणसं आहेत. स्थैर्य हवं म्हणून या, जरूर या. माणसं हाकायला नकोत म्हणून येत असाल तर जेईचं कामच मुळात सुपरवायझरचं आहे.

---

पगारपत्रक

वरचं सगळं ठीक, पण आवडीनिवडीच्या गप्पांत आकडे राहून जातात. पगार नीट वाचता आला नाही तर मानवणारं कामही सहा महिन्यांत टोचायला लागतं.

समजा तुम्हाला ३.६० लाखांचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगितला. महिन्याला ३०,००० झाले. मूळ वेतन १५,००० धरू. ३०,००० मधून मालकाचा पीएफ १,८०० जातो, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ७२२ जाते. हे दोन्ही सीटीसीत धरायची पद्धत आहे. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर महिन्याचे ३,००० वर्षाअखेरीला एकदम, तेही रेटिंग बघून. उरले २४,४७८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २२,४७८. म्हणजे तुम्हाला आज मिळतात जवळपास तेवढेच! बस आणि कँटीनची कपात अजून धरलेलीच नाही. म्हणून मुलाखतीत "हातात किती" हा प्रश्न विचारायला लाजू नका, आणि तोंडी उत्तरावर न थांबता वेतनाचा तक्ता मेलवर मागा.

ऑफर लेटर वाचताना आधी बघा नियुक्तिपत्रावर नाव कुणाचं आहे. काम मोठ्या कंपनीत आणि पत्र कुठल्या तरी मनुष्यबळ पुरवणाऱ्याचं, असं असेल तर ते थर्ड पार्टी पेरोल. त्यात शिकायला मिळतंच, पण अंतर्गत बदली, पगारवाढ, मेडिक्लेम यांचे नियम वेगळे असतात. रुजू झाल्यावर पीएफचं पासबुक उघडून बघा; मागच्या महिन्याची रक्कम पुढच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. दोन महिने नोंद दिसली नाही तर दाल में कुछ काला. नोटीस पीरियड प्रोबेशनमध्ये किती आणि कायम झाल्यावर किती, बाँड आहे का, ट्रेनिंगचा खर्च वसूल करायचं कलम आहे का. आणि मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

बी.टेक.: डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण तो पूर्णवेळ. नोकरी सांभाळून करायचं तर एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नोकरदारांसाठी मान्यता दिलेले वर्ग काही कॉलेजांत चालतात, ते शोधा. टपालाने किंवा ऑनलाइन बी.टेक. विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, दूरशिक्षणाच्या इंजिनिअरिंग पदवीला एआयसीटीईची मान्यता नाही. घरच्यांना एक विचारा: पदवी हवी ती कुठल्या पदासाठी? स्टँडर्ड रूममध्ये पदवीवाचून फारसं अडत नाही, पुढे क्वालिटी हेड व्हायचं असेल तर अडतं.

---

लाल_बिन

सगळ्यांचे मनापासून आभार. वही सुरू केलीये. अजून दोन आठवडे व्हायचेत, पण ढीग स्पष्ट दिसतोय. माणसं आणि वेळ नको आहे, काम नको नाहीये.

दरम्यान दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक भोसरीची मोजमापाची लॅब, बाहेरच्यांचे नग सीएमएमवर मोजून देतात, जनरल शिफ्ट, सीटीसी ३.६०. दुसरी कंपनी ४.२० देतेय, पण पद रेसिडेंट इंजिनिअरचं. लॅबच्या मुलाखतीत काय विचारू, काय बघू?

---

गो_नोगो

दुसरीचा नाद वहीनेच संपवलाय. साठ हजारांसाठी नावडतं काम आठ तासांवरून दहावर नेऊ नका.

लॅबमध्ये आधी डोळ्यांनी बघा. तापमान-आर्द्रतेची नोंद भिंतीवर आहे का आणि आजच्या तारखेपर्यंत भरलेली आहे का. गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरची तारीख उलटलेली नाही ना. मुरायला ठेवलेल्या नगांसाठी वेगळं टेबल आहे की आणला की चढवला. संध्याकाळी सुटायच्या वेळी किती लोक खरंच उठतात, त्यासाठी मुलाखत दुपारी चारनंतरची मागून घ्या.

मग विचारा: एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का आणि तिच्या कक्षेत सीएमएमवरचं मोजमाप येतं का? (काही ठिकाणी मान्यता फक्त व्हर्नियर-मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची असते आणि पाटी मात्र सगळ्यावर मिरवते.) रिपोर्टवर सही कुणाची जाते? ग्राहक "जरा टॉलरन्समध्ये बसवा" म्हणाला तर काय करता? हा प्रश्न हसत विचारा, उत्तर मात्र कान देऊन ऐका. तुम्ही आज ज्या कारणासाठी वैतागलाय तेच तिथे दुसऱ्या वेषात असू शकतं. कारखान्यात निदान आयएटीएफ तरी सांगतं की गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाला उत्पादन आणि डिस्पॅच थांबवायचा अधिकार असला पाहिजे. लॅबमध्ये ग्राहकच पैसे देणारा. तिथला पाठीचा कणा म्हणजे मालक.

सॉफ्टवेअर कुठलं, पीसी-डीमिस की कॅलिप्सो? तुम्ही एकावर तयार असाल तर दुसऱ्यावर हात बसायला काही आठवडे द्यावे लागतात, ते द्यायची त्यांची तयारी आहे का? प्रोग्रॅम तुम्ही करणार की फक्त तयार प्रोग्रॅम चालवणार? यावर तुमची पुढची तीन वर्षं ठरतात. नुसता प्ले दाबणारा ऑपरेटर आणि ड्रॉइंग वाचून मोजणीची आखणी करणारा प्रोग्रॅमर यांच्या पगारात पुढे फार अंतर पडतं. आधीचा माणूस कुठे गेला हेही विचारा. सीएमएम विकणाऱ्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर म्हणून गेला असेल तर उत्तम खूण, तुमच्यापुढेही ती वाट आहे.

सीव्ही एका पानाचा करा. 'मेहनती, टीम प्लेअर' काढून टाका. मशीनचा आकार, सॉफ्टवेअर, कुठल्या प्रकारचे नग, जीडी अँड टीच्या, म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि जागेची अचूकता सांगणाऱ्या, कुठल्या खुणा हाताळल्या (पोझिशन, प्रोफाइल, एमएमसीसह की शिवाय) ते लिहा. एमएसए केलं असेल तर नुसतं 'एमएसए येतं' नको. १० नग, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा म्हणजे ९० वाचनं, आणि गेज आर अँड आर (मोजण्यातलाच फरक) ३० टक्क्यांच्या वर आल्यावर तुम्ही काय बदललंत, पकड की गेज, एवढं एका ओळीत. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर बाकी सीव्ही वाचणारच नाही, याच ओळीवर अर्धा तास बोलेल.

शेवटचं म्हणजे ऑफरआधी अर्धा दिवस तिथे बसू द्या म्हणावं. तुमचाच एखादा जुना नग आणि ड्रॉइंग द्या, डेटम कसे लावीन आणि कुठल्या क्रमाने मोजीन ते कागदावर करून दाखवतो, असं सांगा. सध्याच्या कंपनीचं ड्रॉइंग मात्र चुकूनही नेऊ नका, ती गोपनीयतेची भानगड होते.

---

पगारपत्रक

आणि ३.६० वर हो म्हणायच्या आधी त्यात व्हेरिएबल आहे का ते विचारा. लॅब लहान असेल तर बहुधा नसतं. नसेल तर वरच्या हिशोबाने हातात २५,४७८ येतात. बस नसेल तर चाकण-भोसरी पेट्रोल त्यातून वजा करा.

---

लाल_बिन

व्हेरिएबल नाहीये, मेलवर तक्ता आला. अर्ध्या दिवसाचं विचारलं तर म्हणाले, शनिवारी या, सेफ्टी शूज घालून. पीसी-डीमिस आहे त्यांच्याकडे, माझा हात कॅलिप्सोवर. कुणी दोन्ही वापरलं असेल तर अलाइनमेंटमध्ये (नगाचे अक्ष मशीनशी जुळवणं) नेमका काय फरक पडतो ते सांगाल का? त्यासाठी नवा धागा काढतो.